पोटात दुखतंय, पण कुठे?

समजा, पुण्याहून बदली होऊन चेन्नईला आलेलं एक कुटुंब आहे. नऊ वर्षांचा मुलगा तीन-चार महिने मधूनच पोट धरून बसतो. आजीनं फोनवर सांगितला तो हिंग बेंबीवर लावून झाला, ओवा झाला, जंताचं औषधही झालं. दवाखान्यात आईला तमिळमधले 'वयित्तु वलि' एवढे दोनच शब्द आठवतात. पण मुलानं तरी मराठीत जास्त काय सांगितलेलं असतं? "कुठे दुखतं?" "इथे." आणि हात बेंबीवर.

या हाताकडे नीट बघायला हवं. आतड्यांच्या मज्जातंतूंना नेमकी जागा सांगता येत नाही. आतून आलेली कळ मेंदूला बेंबीभोवतीच जाणवते. अपेंडिक्सचं दुखणंसुद्धा बहुधा बेंबीपाशी सुरू होतं आणि सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की उजवीकडे खाली सरकतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे डॉक्टर जॉन अ‍ॅप्ली यांनी 1958 साली शाळेतल्या 1000 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन महिन्यांत निदान तीनदा, आणि खेळ-शाळा अडेल इतकं दुखणं सुमारे दर नऊ मुलांमागे एकाला होतं. त्यातल्या बहुतेकांत अवयवाचा आजार सापडला नाही. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितका आजाराचा संशय जास्त, हा त्यांचा ठोकताळा आजही उपयोगी पडतो.

म्हणून शोध सोनोग्राफीपासून नव्हे, प्रश्नांपासून सुरू व्हावा. झोपेतून उठवतं का? वजन घटलं, उंची थांबली का? शौचात रक्त, हिरवी उलटी, ताप, लघवीला जळजळ? यातलं एकही 'हो' आलं तर थांबायचं नाही. काहीच नसेल तर आधी बद्धकोष्ठ बघा. शाळेतलं संडास घाण म्हणून दिवसभर दाबून धरणारी मुलं किती असतात, हे आईवडिलांना माहीतच नसतं. रोज शौचाला जाणाऱ्या मुलाचंही पोट साफ असेलच असं नाही.

सोनोग्राफीत बऱ्याचदा 'आतड्याजवळच्या गाठी' निघतात. लहान मुलांत थोड्या फुगलेल्या गाठी अगदी नेहमीच्या. तेवढ्या एका ओळीवरून क्षयाची सहा महिन्यांची औषधं सुरू करणं मला पटत नाही; त्याला आणखी पुरावा हवा.

दक्षिणेत मात्र एक आजार मनात ठेवावाच लागतो. केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी 1960च्या दशकात, आणि पुढे चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांनी त्याचा बारकाईनं अभ्यास केला. यात स्वादुपिंडात खडे होतात. लहानपणी पोटदुखी आणि तरुणपणी मधुमेह, असा त्याचा क्रम. दुखणं पोटाच्या वरच्या भागात, पाठीत जाणारं; मूल पुढे वाकून बसलं की थोडं बरं वाटतं. पुढे शौच तेलकट होतं, वजन उतरतं. आजार जुना असेल तर रक्तातलं अमायलेज-लायपेज चक्क नॉर्मल येऊ शकतं, आणि पोटात वायू असला की सोनोग्राफीत स्वादुपिंड नीट दिसत नाही. अशा वेळी पोटाच्या साध्या एक्स-रेवर पांढरे खडे ठळक दिसू शकतात.

याचा दोष बरीच वर्षं टॅपिओकाच्या कंदावर होता. आपला उपवासाचा साबुदाणा याच कंदाचा, आणि तो मोठ्या प्रमाणावर बनतो तमिळनाडूतल्या सेलममध्येच! घाबरू नका. कंद न खाणाऱ्या भागांतही रुग्ण सापडले, तेव्हा तो संशय मागे पडला. आता बऱ्याच रुग्णांत स्पिंक-1 या जनुकातला दोष सापडतो. स्वादुपिंडाचा पाचक रस त्याच्या आतच जागा होऊ नये म्हणून जो लगाम असतो, तो या जनुकामुळे तयार होतो. लगाम ढिला पडला की ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते.

आणि सगळं तपासून काहीच सापडलं नाही तर? तरीही मूल नाटक करत नाही. आतडं आणि मेंदू यांच्यातला संवाद जास्त संवेदनशील झालेला असतो. नेहमीचा वायू, नेहमीचा ताणही त्याला दुखतो. परीक्षा, नवी शाळा, नवी भाषा यांनी तो वाढतो. दोन आठवडे वहीत लिहा: वेळ, काय खाल्लं, शौच, शाळेचा दिवस की सुट्टी. पाचवा स्कॅन करण्याआधी ही वही डॉक्टरांना दाखवा. शाळा मात्र बंद करू नका.

एक गोष्ट राहिली, आणि ती वाट पाहत नाही. मुलग्यांत वृषणाला पीळ पडला तरी कळ ओटीपोटात येते, आणि मुलगा लाजून फक्त 'पोट' म्हणतो. साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. त्यामुळे अचानक, जोराचं दुखत असेल तर डॉक्टरांना चड्डी उतरवून तपासू द्या, आणि तिथे दुखलं तर लगेच सांगायचं, हे मुलाला आजच, काही दुखत नसताना, सांगून ठेवा.