मिरवणूक एक दिवसाची, पगार दर महिन्याचा. सातारा-सांगलीत खेळातून घर कसं सावरतं?

सातारा : "खेळून पोट भरतं का?" हा प्रश्न गावोगावी अजून विचारला जातो. भरतं, पण पदकाच्या मिरवणुकीनं नाही. त्यातून मिळालेल्या नोकरीनं.

गोळेश्वरच्या (ता. कराड) खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, पण पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी लागायला 1955 साल उजाडलं.

आता वाट थोडी सोपी झालीय. मोहीच्या (ता. माण) ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. पदक हुकलं, तरी राज्य सरकारनं त्यांना थेट नियुक्ती दिली आणि शेतकऱ्याची लेक उपजिल्हाधिकारी झाली.

पहिली पायरी शाळेत

सरडे (ता. फलटण) इथल्या प्रवीण जाधवचे आई-वडील शेतमजूर. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकानं पोराला हेरलं आणि तो क्रीडा प्रबोधिनीत गेला. तिथं राहणं, जेवण, प्रशिक्षण सरकारी खर्चानं. खुराकाचा भार घरावर पडला नाही, म्हणून तो टिकला. पुढं सैन्यात नोकरी लागली आणि तिरंदाजीत त्यानं टोकियो ऑलिम्पिक गाठलं.

कागद सांभाळा

राज्याच्या सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण कुठलंही प्रमाणपत्र चालत नाही. स्पर्धा अधिकृत हवी, तिची पातळी नियमात बसायला हवी आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. गावच्या स्पर्धेची ढाल कपाटात शोभते, भरतीत उपयोगी पडत नाही. त्यामुळं पोरगं कुठल्या स्पर्धेत उतरतंय, हे पालकांनी आधीच जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारून घ्यावं.

शाळा सोडू नका

शरीराचा मात्र भरवसा नसतो. सांगलीत पान-चहाची टपरी चालवणाऱ्याचा मुलगा संकेत सरगर 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात वजन उचलताना कोपराला दुखापत होऊन थांबला. सुवर्ण एका किलोनं गेलं, रौप्य हाती आलं. त्याच्याकडं निदान पदक तरी होतं. जिल्हा पातळीवरच ज्याचा गुडघा गेला, त्याच्यापाशी उरतं ते शिक्षण. आरक्षणातल्या पदालाही शिक्षणाची अट असतेच. म्हणून सकाळी मैदान आणि दुपारी वर्ग, दोन्ही सांभाळलं तरच खेळातून घर वर येतं.