४२१ : पिनकोडातही, परत आलेल्या मेलमध्येही

कल्याण पश्चिम ४२१३०१. डोंबिवली पूर्व ४२१२०१. उल्हासनगर ४२१००१ पासून ४२१००५ पर्यंत. कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडीला थांबली, की पुलावरून कुठल्याही बाजूला उतरा, पिनकोड ४२१नेच सुरू होणार. आणि हाच आकडा जगभरातले मेल सर्व्हर दिवसरात्र एकमेकांना सांगत असतात. त्यांच्या बोलीत ४२१ म्हणजे ‘आत्ता जमत नाही, लाइन बंद करतो, नंतर या.’

हा योगायोगच, पण दोन्ही आकड्यांची बांधणी बघितली की मजा वाढते. आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावं आणि पत्ते लिहायच्या अनेक लिप्या, या गोंधळावर त्यांनी आकड्यांचा उतारा काढला. विठ्ठलवाडीच घ्या. एक आपली, एक पुण्यातली सिंहगड रस्त्यावरची. पण ४२१ आणि ४११ बघितल्यावर टपाल कुणाचंही चुकत नाही. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा विभाग, दुसरा आकडा उपविभाग, तिसरा छाननीचा जिल्हा.

बरोबर दहा वर्षांनी, ऑगस्ट १९८२मध्ये, जॉन पोस्टेल यांनी अमेरिकेत मेल पोचवण्याचे नियम लिहिले. एसएमटीपी म्हणतात ते हेच. तिथे तीनच आकडे, पण तिथेही प्रत्येक आकड्याला अर्थ. पहिला २ असेल तर काम झालं, ३ असेल तर पुढे बोला, ४ असेल तर तात्पुरती अडचण, ५ असेल तर कायमचा नकार. दुसरा आकडा २ असला की भानगड जोडणीत, ५ असला की मेलच्या यंत्रणेत.

मग पिनकोड आणि मेल कोड शेजारी ठेवून पाहायचा मोह होतोच. इंदूरचा ४५२ म्हणजे ‘सर्व्हरवर जागा नाही’. खांडवा-बुऱ्हाणपूरचा ४५० म्हणजे ‘ही पेटी सध्या उघडत नाही’. सगळ्यात भाग्यवान मेरठ. त्यांचा २५०, म्हणजे ‘मेल मिळाला’!

४ आणि ५ मधला फरक

मेल अडला, की ‘मेलर-डीमन’ नावाने येणारं इंग्रजी पत्र बहुतेक जण न वाचताच डिलीट करतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दुखणं काय आहे ते त्यातच लिहिलेलं असतं. फक्त पहिला आकडा शोधा.

४ असेल तर काहीच करू नका. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. दोन प्रयत्नांत निदान अर्धा तास जाऊ द्यावा आणि चार-पाच दिवस तरी हार मानू नये, असं नियमच सांगतात. म्हणून उल्हासनगरातल्या एखाद्या जीन्सच्या कारखान्याचा सर्व्हर वीज नसल्याने दिवसभर बंद राहिला, तरी त्या दिवसाच्या ऑर्डरी बुडत नाहीत. त्या पाठवणाऱ्याकडे थांबलेल्या असतात. आपण घाईने पाच वेळा सेंड दाबलं, तर समोरच्याला पाच प्रती मिळतात, एवढाच फायदा. काही सर्व्हर तर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दाम ४चं उत्तर देतात. २००३पासून चालत आलेल्या या युक्तीचं नाव ग्रेलिस्टिंग. स्पॅम पाठवणारे सहसा परत फिरकत नाहीत, खरा सर्व्हर परत येतो.

५ असेल तर मात्र वाट बघून उपयोग नाही. ५५०चा नेहमीचा अर्थ, अशी पेटीच नाही किंवा तुमचा मेल घ्यायचा नाही. आधी स्पेलिंग तपासा. इंग्रजीत ‘विठ्ठल’ लिहिताना टी एक की दोन, यावर घराघरांत मतभेद आहेत. सर्व्हरला त्यातला एकच मान्य असतो.

५५२ आला, तर मेल जड झालाय. पण फाइल तर २० एमबीचीच होती, आणि समोरच्या सर्व्हरची मर्यादा २५! गोम अशी, की मेलमधून जाताना प्रत्येक फाइल अक्षरांत बदलली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. २०चे २७ होतात.

शेजाऱ्याच्या व्हायरसची शिक्षा

आपल्या पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांना सगळ्यात जास्त छळणारं दुखणं हे. केबलवाल्याकडून इंटरनेट घेतलं, की अनेकदा शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीमागून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यामागून, बाहेर पडतात. त्यातल्या एकाच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि तो स्पॅम सोडू लागला, की तो आयपी स्पॅम सोडणाऱ्यांच्या काळ्या यादीत जातो. बाकीच्यांचा काही दोष नसतो, तरी त्यांचे मेल परत येतात. अशा याद्यांची सुरुवात पॉल व्हिक्सी यांनी १९९७मध्ये केली. आज नाव ऐकू येतं ते १९९८मध्ये सुरू झालेल्या स्पॅमहाउसचं.

उपाय आहे. ऑफिसच्या मशीनमधून पोर्ट २५वरून थेट मेल सोडू नका. ज्यांच्याकडे मेलची सेवा घेतली आहे त्यांच्या सर्व्हरला लॉगिन करून पोर्ट ५८७वरून पाठवा. स्वतःचाच सर्व्हर चालवायचा असेल, तर स्थिर आयपी घ्या आणि त्याची उलटी नोंद, म्हणजे आयपीवरून नाव सापडेल अशी, करून घ्या. यादीतून नाव काढण्याचा अर्ज व्हायरस काढल्यानंतरच करा. आधी केलात तर नाव पुन्हा चढतं. मेल खरंच तुमच्याकडचा आहे हे समोरच्याला पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी डोमेनवर हव्यातच. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलने आपल्या पत्त्यांवर दिवसाला ५,०००हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना, आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना, या दोन्हींसोबत डीमार्कही (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) सक्तीचं केलं आहे.

दिल्लीला न जाणारा मेल

मेलच्या बिघाडांमधला माझा सगळ्यात लाडका किस्सा ट्रे हॅरिस यांचा. १९९०च्या दशकात ते अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची मेलव्यवस्था सांभाळत. संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन आला : आमचे मेल ५०० मैलांपलीकडे जात नाहीत. असं कसं होईल? पण तपासलं, तर खरंच तसं होतं! मशीनच्या अपग्रेडमध्ये सेंडमेल या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती बसली होती. नव्या सेटिंग्ज तिला कळेनात, म्हणून ‘समोरच्या सर्व्हरची किती वेळ वाट बघायची’ याची किंमत शून्य झाली. शून्य म्हणजे प्रत्यक्षात सुमारे तीन मिलिसेकंद. तेवढ्यात प्रकाश जातो ५५८ मैल, म्हणजे जवळपास ९०० किलोमीटर. विठ्ठलवाडीहून तेवढं वर्तुळ काढलं, तर गोंदिया-गडचिरोलीसकट सगळा महाराष्ट्र आत येतो, बंगळुरूही येतं. दिल्ली राहते बाहेर. प्रमुखांच्या विभागाने फोन करण्यापूर्वी नीट आकडेवारी जमवली होती, म्हणूनच हे सापडलं.

थोडक्यात आणखी

परत येणाऱ्या सूचनेच्या पाकिटावर, म्हणजे सर्व्हर एकमेकांना सांगतात त्यात, पाठवणाऱ्याचा पत्ता मुद्दाम कोरा असतो. नाहीतर ती सूचना पोचली नाही म्हणून दुसरी, दुसरीसाठी तिसरी, असं चक्र थांबलंच नसतं.

वाटेतला प्रत्येक सर्व्हर मेलच्या वरच्या बाजूला स्वतःच्या वेळेची नोंद चढवतो. म्हणून मेल कुठे रखडला हे बघायचं, तर ‘रिसीव्ड’च्या ओळी खालून वर वाचायच्या. +०५३० दिसलं, की ती भारतीय वेळ. टेंडर वेळेत पाठवलं होतं का, हा वाद इथे सुटू शकतो.

भारतातल्या मेलची सुरुवातही आपल्या शेजारचीच : १९८६-८७मध्ये जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी टेलिफोनच्या डायल-अप लाइनने जोडल्या गेल्या.

आणि हो, मेलचा पत्ता मराठीतही असू शकतो. २७ ऑगस्ट २०१४ला देवनागरी ‘.भारत’ डोमेन सुरू झालं. त्यात मराठी, हिंदी, कोकणी आहेत आणि सिंधीही, जी सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या उल्हासनगरची घरची भाषा. अडचण एवढीच, की समोरच्या सर्व्हरने संभाषणाच्या सुरुवातीला ‘एसएमटीपीयूटीएफ८ मला येतं’ असं सांगितलं नाही, तर मेल पुढे सरकतच नाही, परत येतो. जीमेल २०१४पासून असे मेल घेतं आणि पाठवतं. अनेक छोटे सर्व्हर अजून तयार नाहीत. तेव्हा देवनागरी पत्ता जरूर घ्या, मात्र त्याच पेटीला एक रोमन पत्ताही जोडून ठेवा आणि बँकेच्या नि कॉलेजच्या फॉर्मवर सध्या तोच लिहा.