भंडाऱ्याच्या रानातील मृगांचा माज

जुन्या घरांच्या दिवाणखान्यात भिंतीवर लावलेली मृगाची शिंगे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. नागपूर-भंडाऱ्याकडील वाड्यांतून तर ती हटकून आढळत आणि त्यांचा उपयोग टोप्या व छत्र्या अडकवण्यापलीकडे फारसा होत नसे. परंतु श्रोतेहो, त्या शिंगांकडे जरा नीट पाहिले तर ती आपला पूर्ववृत्तांत स्वतःच सांगू लागतात. शिंगाच्या बुडाशी कवटीच्या हाडाचा तुकडा असेल तर तो नर बहुधा मारला गेला, असे समजावे. बुडाशी नुसतेच खरबरीत कडे असून खालची बाजू किंचित फुगीर असेल, तर ते शिंग आपोआप गळून पडलेले. आणि मारलेल्या नराचे शिंग पूर्ण वाढलेले व टोकाशी घासून गुळगुळीत झालेले असेल, तर महिन्याचाही अंदाज बांधता येतो. चितळाचे असल्यास तो बळी बहुधा उन्हाळ्यातला, आणि सांबराचे असल्यास बहुधा हिवाळ्यातला. एकाच रानात राहणाऱ्या, एकाच तळ्यावर पाणी पिणाऱ्या या दोन मृगांत असा सहा महिन्यांचा फेर का पडावा, हा प्रश्न मोठा मनोरंजक आहे.

प्रथम एक खुलासा करणे अवश्य आहे. बोलताना आपण ज्यांना सरसकट हरणे म्हणतो त्यांत दोन निराळी कुळे आहेत. भंडाऱ्याच्या रानातील चितळ, सांबर आणि भेकर हे खरे मृग होत. त्यांची शिंगे भरीव हाडाची असतात व ती ठराविक मुदतीने गळून पुन्हा उगवतात. रोही, म्हणजे नीलगाय, आणि चौसिंगा हे दिसायला हरणासारखे असले तरी त्यांचे नाते गाई-बकऱ्यांच्या कुळाशी आहे. त्यांची शिंगे जन्मभर टिकतात. तेव्हा शिंगावरून ऋतू ओळखण्याची ही युक्ती त्यांना लागू पडत नाही. भेकराचीही गोष्ट सोडून देऊ. त्याची मादी वर्षाच्या कोणत्याही महिन्यात वीत असल्यामुळे त्याच्याविषयी हंगामाची भाषा बोलण्यात अर्थ नाही.

शिंग उगवते तेव्हा ते मऊ असते. त्यावर मखमलीसारखी लवदार कातडी असून तीतून रक्त खेळत असते. त्या दिवसांत नर आपले डोके जपून वागवतो व भांडणापासून दूर राहतो. वाढ पुरी झाली, शरीरात नरत्वाच्या स्रावाचे प्रमाण चढले, की कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि नर झाडाच्या खोडावर शिंगे घासून ती सोलून काढतो. येथून पुढे तो माजावर येतो. काही महिन्यांनी स्राव ओसरला, की शिंगाचे मूळ सैल होऊन ते गळून पडते. म्हणजे शिंग हे माजाचे पंचांगच म्हणावयाचे.

आता चितळाकडे वळू. मध्य भारतात चितळाच्या बहुतेक नरांची शिंगे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून गळू लागतात, हिवाळाभर ती मखमलीत असतात, आणि फाल्गुन-चैत्राच्या सुमारास टणक होतात. जॉर्ज शॅलर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९६३ पासून १९६५ पर्यंत कान्ह्याच्या रानात राहून चितळ, सांबर, बारशिंगे व वाघ यांचे निरीक्षण केले आणि १९६७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कान्हा भंडाऱ्यापासून काही फार दूर नाही, आणि दोन्हीकडचा ऋतुक्रम जवळजवळ सारखाच आहे. त्याच्या निरीक्षणाप्रमाणे तेथील चितळांच्या माजाचा भर उन्हाळ्यात असतो. मोहाची फुले टपकू लागली, तेंदूला कोवळी पालवी फुटली आणि रानातली डबकी आटून सारी जनावरे तळ्याकाठी गोळा होऊ लागली, की चितळाच्या नराचा आवाज ऐकू येऊ लागतो. हा आवाज धोक्याच्या सूचनेचा नव्हे. ती साद तीक्ष्ण व आखूड असते. माजाची साद घोगरी, लांबवलेली, काहीशी कण्हल्यासारखी असून नवख्या माणसाला ती एवढ्या देखण्या प्राण्याची असेल हे खरे वाटत नाही. नर मागच्या दोन पायांवर उभा राहून वरच्या फांदीला डोळ्याजवळच्या ग्रंथीचा वास लावतो, प्रतिस्पर्ध्यासमोर मान ताठ करून आडवा चालतो, आणि पुष्कळदा एवढ्यावरच प्रकरण मिटते. तो जनानखाना राखीत नाही. एका कळपात माजावर आलेली मादी आढळली तर तिची पाठ धरतो, नाही तर दुसऱ्या कळपाकडे जातो. मादी सुमारे साडेसात ते आठ महिने गाभण राहते. म्हणजे वैशाखात फळलेली मादी पुढे पौष-माघात विते.

सांबराचे सारेच निराळे. चितळ जसा कळपाचा व उजेडाचा, तसा सांबर एकांताचा व अंधाराचा प्राणी. त्याची शिंगे उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात, पावसाळ्यात नवी वाढतात, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास सोलून तयार होतात. त्याचा माज कार्तिक-मार्गशीर्षात, म्हणजे भंडाऱ्याच्या खेड्यांतून धानाची कापणी चालू असते त्या दिवसांत येतो. चिखलात लोळून काळाकुट्ट झालेला, मानेचे केस पिंजारलेला थोराड नर त्या वेळी दिसला तर पाहणारा बिचकल्यावाचून राहत नाही. झाडांच्या साली तो शिंगांनी ओरबाडून काढतो. मादी सुमारे आठ महिन्यांनी विते, आणि पिल्लू पहिल्या पावसाच्या आगेमागे जन्मते. कोवळे गवत व आईचे दूध अशी दोहोंची सांगड त्यामुळे पडते. सांबराचा हिशेब आपल्याला चटकन पटतो तो यामुळेच. चितळाचा हिशेब मात्र गूढ आहे. त्याची पिल्ले थंडीत जन्मतात आणि ती दूध पीत असतानाच उन्हाळा येऊन ठेपतो. माझ्या मते याचे उत्तर गर्भारपणात शोधावे. चितळ हा मुख्यतः गवत खाणारा प्राणी असून त्याच्या मादीचे गर्भारपण सबंध पावसाळ्यातून, म्हणजे गवताच्या समृद्धीतून जाते.

थंड देशांत असे घोटाळे नाहीत. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत म्यूल डिअर नावाचा मृग राहतो. खेचरासारखे मोठे कान, म्हणून हे नाव. त्याच्या माजाचा भर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येतो, आणि सुमारे सात महिन्यांनी, जूनमध्ये, पाडसे जन्मतात. तेथील शिकाऱ्यांत थंडी पडली की माज येतो असा समज पुष्कळ आहे, परंतु बर्फ केवळ या मृगांना उंच डोंगरांवरून खाली आणते. माजाची घंटा वाजवतो तो दिवस. दिवस लहान होऊ लागला, की मेंदूतील एका चिमुकल्या ग्रंथीचा रात्रीचा स्राव वाढतो व तो शरीराला ऋतूची खबर देतो. ४५ अक्षांशांवर सर्वांत मोठा दिवस साडेपंधरा तासांचा, तर सर्वांत लहान पावणेनऊ तासांचा असतो. एवढा फरक असताना चूक होण्यास जागा नाही, आणि चूक झाली तर पिल्लू बर्फात मरते. एरवी रात्रीच बाहेर पडणारा वयस्क नर माजाच्या दिवसांत माद्यांच्या मागे भर दिवसा उघड्यावर येतो. त्यामुळे शिकाऱ्याला तोच पंधरवडा हवा असतो, आणि तेथील वन्यजीव खाती नेमका त्याच पंधरवड्यात हात आखडता घेतात.

आपल्या भंडाऱ्याचे अक्षांश २१ च्या आसपास. येथे मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या थोडा वर आणि लहान दिवस अकरा तासांच्या थोडा आत. एवढ्याशा फरकाने चितळाला शिस्त लागत नाही. माजाचा भर उन्हाळ्यात असला तरी टणक शिंगांचा एखादा नर आणि नुकतेच जन्मलेले एखादे पाडस वर्षाच्या कोणत्याही महिन्यात दृष्टीस पडते. टेक्सासमध्ये १९३२ साली चितळ नेऊन सोडले गेले. आज तेथे त्यांची मोठी प्रजा आहे. तेथील मूळचे मृग नोव्हेंबरात माजावर येतात. हे आपले पाहुणे मात्र अजून उन्हाळ्यातच साद घालतात!

इंग्रजी अमदानीत, भंडारा मध्यप्रांतात होता तेव्हा, सरकारी जंगलाचे शिकारीसाठी विभाग पाडलेले असत व परवाना घेऊन त्यांत बंदूक चालवता येई. साहेबमंडळी बहुधा नाताळच्या सुटीत येत, कारण तंबूत राहण्यास ती हवा सुखाची. सांबराची शिंगे त्यांना मनाजोगती मिळत, चितळाची मात्र बहुतेक मखमलीतली. चितळाचे उत्तम शिंग ज्याला हवे त्याला वैशाखाच्या उन्हात भाजून घेणे भाग असे. १९१२ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना वन्य पशुपक्ष्यांसाठी शिकारबंदीचा काळ ठरवून देण्याचा अधिकार मिळाला. विलायतेच्या मृगांसाठी ही कल्पना ठीक होती. परंतु ज्याचा हंगाम वर्षभर पसरलेला आहे, त्या चितळाला कोणता बंद काळ लावावा? शिंगाच्या लोभाने माजातला जोमदार नर वेचून काढणे म्हणजे बियाणेच विकून खाण्यासारखे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर शिकार देण्याची वाटही बंद झाली, आणि हा वाद कागदावर तरी मिटला.

नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हा ही दोन्ही भंडाऱ्याकडून तिकडे गेली. भंडाऱ्याकडे २०१३ साली कोका अभयारण्य आले, आणि त्याच वर्षाअखेर ही सारी राने मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाचे नाव पाटीवर असले तरी तेथील वाघ, बिबळे व रानकुत्री यांचे पोट मोठ्या अंशी चितळ-सांबरांवर चालते, हे विसरून चालत नाही.

चोरट्या शिकाऱ्याला मात्र कायदा ठाऊक नसला तरी माज ठाऊक असतो. उन्हाळ्यात पाणवठे मोजके उरतात, नर बेसावध झालेला असतो, त्याचा आवाज दूरवर ऐकू जातो. अशा वेळी पाण्याच्या वाटेवर तारेचे फास लावतात, किंवा शेतातल्या विजेच्या वाहिनीवर आकडा टाकून जमिनीलगत उघडी तार ओढतात. ती तार नर-मादी पाहत नाही, चितळ-वाघ पाहत नाही, आणि रात्री शेतावर निघालेला माणूसही पाहत नाही. दुसरे संकट आगीचे. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देण्याची चाल आहे. मोहफुलांवर कित्येक कुटुंबांचे वर्षाचे मीठमिरची चालते, तेव्हा त्यांना नुसते दूषण देऊन भागणार नाही. झाडाखाली जाळे किंवा जुनी लुगडी अंथरूनही फुले गोळा होतात. पण वारा सुटला की ती आग झाडाखाली थांबत नाही, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी जन्मलेली पाडसे त्या वेळी गवतातच असतात.

या पाडसांविषयी एक गोष्ट आपल्यासारख्या सहलीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. जन्मानंतर पहिले काही दिवस पाडूस आईबरोबर हिंडत नाही. आई त्याला गवतात किंवा झुडपाखाली दडवून चरायला जाते आणि ते कान पाडून, हालचाल न करता तेथेच पडून राहते. थंडीच्या दिवसांत शेताच्या बांधाशी किंवा रानवाटेला असे पाडूस आढळले, की लोक ते पोरके समजून घरी आणतात, गाईचे दूध पाजतात, आणि बहुधा आठवड्याच्या आत ते मरते. आई तेथून फार लांब गेलेली नसते. माणसाची चाहूल लागल्यामुळे ती जवळ येत नाही एवढेच. पाडसाला हात न लावता आपण वाटेने पुढे निघून गेलो, की दिवेलागणीच्या सुमारास ती परत येते, त्याला पाजते आणि पहाटेपूर्वी दुसऱ्या जागी नेऊन निजवते.