पेन्शनीत आलेले मेजर आणि बेणेमळा



आपल्या सातारा जिल्ह्याला फौजेचे वेड जुने. अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे. आपल्या कार्यक्षेत्रातही वाडी-वस्तीवर गेले की एखादा तरी पेन्शनर फौजी भेटतोच. हुद्दा काही का असेना, गाव त्याला ‘मेजर’ म्हणते. पेन्शनीला किमान १५ वर्षे नोकरी लागते. अठराव्या-विसाव्या वर्षी बेळगाव गाठलेला शिपाई पस्तिशी-चाळिशीतच ट्रंक घेऊन घरी येतो. हवालदार-सुभेदार झाला तर थोडा उशिरा. आमच्या बरोबरीची पोरे भरतीला धावत होती, त्या वेळी आम्ही शेतकीच्या पदविकेला गेलो. आज ती पेन्शनर आहेत आणि आमची निम्मी नोकरी अजून बाकी आहे!

मागल्या हंगामात गटावर फिरताना असेच एक हवालदार बांधावर भेटले. म्हणाले, “सायेब, पहाटं पाचला डोळा उघडतोय, पण फॉल-इन व्हायचं कुठं?” पुढे बोलता बोलता मनातले बाहेर पडले. “मी भरतीला गेलो, थोरला रानात राहिला. तो म्हणतोय तू सुटलास. मला वाटतंय तोच सुटला. घर-दार सोडून कुठं जावं लागलं न्हाई त्याला.”

खरी गाठ इथेच आहे. फौजी रजेवर आला की पाहुणा असतो, कायमचा आला की वाटेकरी. सात-बाऱ्यावर दोघांची नावे असतात, पण शेअर थोरल्याच्या नावे, उसाची नोंद त्याच्या नावे आणि बिलही त्याच्याच खात्यावर. पंधरा-वीस वर्षे पाणीपाळी, उन्हातान्हाची राखण त्याने केली. म्हातारा-म्हातारीचे दुखणे-खुपणेही त्यानेच पाहिले. अशा घरात धाकट्याने आल्या आल्या तलाठ्याकडे वाटणीची गोष्ट काढली, की दोन एकरांचे दोन तुकडे होतात आणि पाण्याची पाळी भांडणात जाते. आम्ही असे फड पाहिले आहेत. आमचे स्पष्ट मत असे, की पहिले वर्षभर तरी रान थोरल्याच्या हाताखालीच राहू द्यावे.

दुसरी गोष्ट पैशाची. पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग विकून एकरकमी रक्कम उचलता येते; मात्र तो भाग पुन्हा चालू व्हायला १५ वर्षे जातात. ही रक्कम हातात आली की पहिला ट्रॅक्टर दारात उभा राहतो. दोन-तीन एकरांच्या रानाला तो झेपत नाही, म्हणून मग ऊसवाहतुकीचा करार होतो. वाहतुकीसाठी टोळी लागते, टोळीसाठी मुकादमाला उचल द्यावी लागते, आणि टोळी आलीच नाही तर उचल बुडते. सीमेवर न डगमगलेला माणूस मुकादमाच्या दारात हेलपाटे घालतो, हे बघवत नाही. पुण्याला वॉचमनकी करणारेही पुष्कळ आहेत. प्रामाणिक काम आहे, आमचे काही म्हणणे नाही. पण घरापासून वीस वर्षे लांब राहिलेल्या माणसाने पुन्हा लांबच का राहावे?

आम्हाला हा गडी पाहिजे तो बेणेमळ्यासाठी. पाडेगाव किंवा मांजरीहून मूलभूत बेणे येते, त्यापासून पायाभूत आणि पुढे प्रमाणित बेणे तयार होते. हे काम अंगमेहनतीपेक्षा नजरेचे आहे. काणीचा पट्टा दिसला की त्यावर पोते टाकून बेट मुळासकट उपटायचे आणि जाळायचे. गवताळ वाढ दिसली की तीही काढायची. हे रोज करावे लागते, सवड मिळेल तेव्हा नव्हे. वीस एकरांचा व्याप असलेल्या बागायतदाराकडून ते होत नाही. ज्याने रात्री-अपरात्री गस्त घातली त्याला दहा गुंठ्यांत रोज सकाळी एक फेरी म्हणजे काय!

जोडीला एक डोळ्याची रोपवाटिका. पाच फुटी सरीत दोन फुटांवर रोप लावले तर एकरी ४,३५६ रोपे लागतात. बेणे दहा-अकरा महिन्यांचे, निरोगी हवे. ट्रे भरल्याची तारीख, जात, कोणाला किती रोपे दिली, याची वही पाहिजे. वहीचे नाव काढले की आपले शेतकरी बंधू डोके खाजवतात; मेजर मात्र आम्ही सांगायच्या आत रेघा मारून बसतात. वरच्या हवालदारांनी घराशेजारच्या दहा गुंठ्यांत हेच सुरू केले आहे. बेणे थोरल्याच्या उसातले नाही, गट ऑफिसमार्फत आणलेले. थोरला मात्र संध्याकाळी रोपांना पाणी मारायला आपणहून येतो असे ऐकतो.

२०२२ पासून अग्निपथ योजनेत भरती झालेल्या पोरांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्यातल्या बहुतेकांना चार वर्षांनी, ऐन पंचविशीच्या आसपास आणि पेन्शनीशिवाय परत यायचे आहे. त्यांच्याविषयी पुढे केव्हातरी सविस्तर लिहू.

आडसालीची लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट. रोप महिना-सव्वा महिन्याचे लागते, म्हणजे ट्रे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भरले पाहिजेत आणि बेण्याचा प्लॉट त्याआधी, मे महिन्यातच पाहून ठेवला पाहिजे. ज्या माजी सैनिक बंधूंना हे काम करावयाचे असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसला शेतकी मदतनिसांची गाठ घ्यावी. डिस्चार्ज बुक आणण्याची गरज नाही. सात-बारा आणावा, आणि थोरल्या भावालाही सोबत घेऊन यावे.