नाकान्त नांवें आणि घरीं परतलेला शिपाई

मराठी दप्तरें चाळणारास बालपरवेशी हा शब्द नवा नाहीं. लढाईंत पडलेल्या माणसाच्या अल्पवयी मुलास सरकारांतून जी नेमणूक किंवा जमीन चालत असे ती बालपरवेशी. वीरगळ उभारण्याची चाल त्याहून पुष्कळ जुनी. परंतु दोहोंचा विषय पडलेला वीर हाच आहे. जो जिवंत परतला त्याचें पुढें काय झालें, हा प्रश्न आमच्या मंडळींत फारसा निघत नाहीं. परतलेल्याचें स्वागत करावयाचें तें गांवानें, आणि गांव असल्या गोष्टी लिहून ठेवीत नसे. न केलेल्या स्वागताची नोंद तर कोण करणार? ती नोंद ज्या थोड्या कागदांतून सांपडते, त्यांपैकीं महार शिपायांच्या कागदांविषयीं येथें लिहावयाचें योजिलें आहे.

आरंभ शिलालेखापासून करूं. भीमा-कोरेगांव येथें १ जानेवारी १८१८ रोजीं कंपनीची एक मुंबई पलटण, थोडे स्वार व मद्रासचे गोलंदाज यांची पेशव्यांच्या सैन्याशीं लढाई झाली. तिच्या जयापजयाचा वाद आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. १८२१ सालीं तेथें स्तंभाचा पाया घातला गेला. त्यावर कंपनीच्या पडलेल्या ४९ जणांचीं नांवें असून त्यांपैकीं २२ ‘नाक’ या पदानें संपतात. संस्कृत पढलेल्या वाचकास ‘नाक’ म्हणजे स्वर्ग हा अर्थ प्रथम सुचेल, आणि रणांत पडलेल्यास तो शोभेलही. पण येथें तो घेणें म्हणजे निव्वळ पांडित्य होय. कोणी याचा संबंध ‘नाग’ शब्दाशीं जोडतात. आम्हांस ‘नायक’ हेंच मूळ अधिक ग्राह्य वाटतें. कसेंही असो, नाकान्त नांव महाराचें, ही ओळख पूर्वीं सर्वांस होती. म्हणजे त्या दगडावर ज्या नांवाचा मान झाला, तेंच नांव गांवांत उच्चारतांच माणूस पाणवठ्यापासून दूर केला जाई.

पुढें पाऊणशें वर्षें मुंबईच्या पलटणींत महार शिपाई नोकरी करीत होते. पलटणींत शाळा असे, हुद्दा मिळे, पगार रोख मिळे. कित्येक जण सुभेदार, जमादार होऊन पेन्शनीवर परतले. कोंकणांत दापोलीस अशा पेन्शनरांची वस्तीच होती. छातीवर पदक असलेल्या या माणसानें गांवांत पाऊल टाकिलें कीं तो पुन्हा वतनी महार. जोहार करावा, वेसकरकी करावी, सरकारी टपाल व अंमलदाराचें ओझें वाहावें, ही त्याजकडून अपेक्षा. अशांत १८९२-९३ च्या सुमारास सरकारनें महारांची भरतीच बंद केली. ‘लढाऊ जाती’ नांवाचें एक शास्त्र तेव्हां विलायती अधिकाऱ्यांच्या डोक्यांत शिरलें होतें. त्या शास्त्रापुढें कोरेगांवचा दगडही वाचला गेला नाहीं.

यावर पहिला लेखी शब्द गोपाळ बाबा वलंगकर यांचा. हे महाडजवळील रावढूळचे. १८८६ सालीं पलटणींतून निवृत्त झाले. ‘विटाळ विध्वंसन’ हें प्रश्नरूप पुस्तक त्यांनीं १८८८ सालीं काढिलें व १८९४ सालीं सरसेनापतीस उद्देशून विनंतिपत्र तयार केलें. आम्ही मूळचे क्षत्रिय, नोकरी इमानें केली, भरती पुन्हा खुली करावी, असा त्यांतील आशय. त्याची प्रत चांगदेव खैरमोडे यांच्या संग्रहांत राहिली म्हणून आज त्याविषयीं बोलतां येतें. पुढें १९१० सालीं शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकारानें भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला; तो कांबळे यांच्या १९३० सालच्या इंग्रजी चरित्रांत छापलेला आहे. मुत्सद्द्यांचीं पत्रें आम्ही ज्या आदरानें जपतों, त्या आदरास हे दोन्ही कागद पात्र आहेत.

सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरची गोष्ट पुष्कळांस ठाऊक आहे, तरी तिचा उल्लेख टाळतां येत नाहीं. रामजी हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. १९०१ च्या सुमारास त्यांचीं मुलें साताऱ्याहून वडिलांस भेटावयास निघालीं व मसूर स्टेशनावर उतरलीं. अंगावर चांगले कपडे, हातांत भाडें. जात कळतांच गाडी मिळेना. दुप्पट भाडें देऊन मुलांनीं स्वतःच गाडी हांकावी असें ठरलें, आणि रात्रभर पाणी मिळालें नाहीं. हें वर्णन त्या मुलांपैकीं एकानें, म्हणजे डॉ. आंबेडकरांनीं, स्वतः लिहिलेलें आहे. ज्या पेशाचा बापास अभिमान होता, त्या पेशानें मुलांस घोटभर पाणी मिळवून दिलें नाहीं.

पहिल्या महायुद्धांत गरज पडतांच १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरतांच १९२१ सालीं ती मोडली. माणसें पुन्हा गांवीं गेलीं. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर कोरेगांवीं गेले, त्यामागें हा सर्व हिशेब होता. आमच्या नाशकांत २ मार्च १९३० रोजीं काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची जी मोठी मिरवणूक निघाली, तिच्या अग्रभागीं लष्करी चालीचें वाद्य वाजत होतें. त्या दिवशीं मंदिराचे दरवाजे बंद राहिले. १९४१ सालीं दुसऱ्या महायुद्धांत महार रेजिमेंट उभी राहिली व तिच्या आरंभींच्या बिल्ल्यावर कोरेगांवचा स्तंभ होता.

आतां संग्राहकांसाठीं दोन शब्द. पहिल्या महायुद्धानंतर अनेक खेड्यांत संगमरवरी पाट्या बसविल्या. त्यांवर इतके गेले व इतके पडले हा आंकडा आहे, नांव नाहीं. नांव पदकाच्या कडेवर असतें : क्रमांक, हुद्दा, नांव, पलटण. हीं युद्धपदकें शिपायांस रुप्याचीं, मजुरांस व इतर नोकरांस ब्राँझचीं मिळालीं. रुपें वितळतें, हीच अडचण. नाशकांत सराफाच्या मोडींतून असें एक पदक आमच्या हातीं आलें तेव्हां त्याची कडा घांसलेली होती. अक्षरें तीनच लागलीं. म्हणून पदक उजळूं नये. आधीं कडेचा ठसा घ्यावा.

कागदांचें दुसरें. कांहीं वर्षांपूर्वीं एका गृहस्थांनीं पणजोबांचा डिस्चार्ज आम्हांस दाखविला. चालचलणुकीच्या रकान्यांत उत्तम शेरा होता. मागील बाजूस मोडींत उसनवारीचा हिशेब होता. घरच्यांस एवढेंच ठाऊक कीं पणजोबा परतल्यावर रोज सकाळीं कोट घालून वेशीबाहेर बसत, पण वेसकरकीस गेले नाहींत. कागद विकत द्याल काय, असें विचारण्याचा मोह आम्हांस झाला, हें कबूल करितों. तो आवरून नक्कल केली व मूळ परत दिलें. असले कागद त्या घरींच राहावे. आम्हीं घ्यावयाची ती नक्कल. ज्यांच्या पाहण्यांत डिस्चार्ज, पेन्शनचीं पुस्तकें वा अर्ज असतील त्यांनीं गांव, तालुका, पलटण व नांव जसें लिहिलें असेल तसेंच उतरून कळवावें. नाकान्त नांव असल्यास तें सुधारून ‘राव’ करूं नये.