सगळ्यात वर दिसतं ते खरं सरकारी असतं का?

मैत्रिणींनो, पापड-कुरडया विकायच्या म्हणून आमच्या गटाने फूड लायसन्स काढायचं ठरवलं. एका ताईने मोबाईलवर शोधलं, सगळ्यात वर आलेली साइट उघडली, फॉर्म भरला आणि 1,800 रुपये भरून बसली. नंतर कळलं, ती साइट एजंटाची होती. सरकारी साइटवर लहान उद्योगाच्या नोंदणीची फी वर्षाला 100 रुपये आहे. ‘आम्ही खासगी सल्लागार आहोत’ असं त्या साइटवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. पण ते वाचतं कोण!

मग बैठकीनंतर आम्ही चौघी बसलो आणि तेच शब्द तीन ठिकाणी टाकून पाहिले. आपण ‘गुगल कर’ म्हणतो, पण गुगल म्हणजे इंटरनेट नव्हे. इंटरनेटवरची माहिती शोधून देणारं ते एक साधन, म्हणजे सर्च इंजिन. तशी आणखीही आहेत. मायक्रोसॉफ्ट कंपनीचं बिंग आहे, आणि डकडकगो नावाचं एक आहे. (नाव ऐकून आम्हीही हसलो.)

मराठीत शोधायला गुगलच सोपं वाटलं. माईकचं चिन्ह दाबून मराठीत बोललं तरी चालतं, आणि जवळचं दुकान किंवा दवाखाना शोधायचा तर नकाशासकट दाखवतं. बिंगवर इंग्रजी शब्द टाकले तर बरं सापडलं, मराठीत मात्र कमी. डकडकगोचं वेगळेपण असं, की तुम्ही काय काय शोधलं याची नोंद ते तुमच्या नावावर ठेवत नाही. घरात एकच मोबाईल सगळ्यांच्या हातात असतो. पाळीच्या त्रासाबद्दल किंवा नवऱ्याच्या मारहाणीबद्दल काही शोधायचं असेल तर हे लक्षात ठेवा. पण मोबाईलच्या ब्राउझरमध्ये कोणती पानं उघडली याची यादी राहते, ती ‘हिस्टरी’त जाऊन आपणच पुसावी लागते.

जाहिराती मात्र तिन्हीकडे असतात. आठवडी बाजारात तोंडाशी बसलेल्याचा माल सगळ्यात चांगला असतो असं थोडंच आहे? इथेही तसंच. वरची जागा पैसे देऊन मिळते, आणि आपण त्यावर बोट दाबलं की जाहिरातदाराकडून सर्च इंजिनला पैसे मिळतात. अशा ठिकाणी ‘प्रायोजित’, ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘अॅड’ असं बारीक लिहिलेलं असतं. ते दिसलं की सरळ खाली सरका.

हल्ली गुगलवर सगळ्यात वर एआयने तयार केलेलं उत्तरही येतं. वाचायला छान असतं, पण चुकू शकतं. योजनेची रक्कम, शेवटची तारीख, कागदपत्रं या गोष्टी त्यावरून ठरवू नका.

सरकारी साइट ओळखायची तर पत्ता बघा. केंद्र आणि राज्य सरकारच्या बहुतेक साइटचं नाव ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतं. नावात मध्येच कुठेतरी ‘जीओव्ही’ आहे आणि शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’, तर थांबा. आडवी तिरकी रेघ येते तिच्या आधीचा भाग तेवढा बघायचा. फूड लायसन्सची खरी साइट ‘फॉसकॉस’ नावाची, तिचा शेवट ‘एफएसएसएआय डॉट जीओव्ही डॉट इन’ असा आहे. मराठी अक्षरात वाचायला अवघड वाटेल, पण बैठकीत एकदा मोबाईलवर बघून घेतलं की डोळ्यात बसतं.

बँकेचा किंवा गॅसचा कस्टमर केअर नंबर तर कुठल्याच सर्च इंजिनवर शोधू नका. तिथे भामट्यांनी टाकलेले नंबरही असतात. पासबुकावर, एटीएम कार्डामागे, गॅसच्या पुस्तकात नंबर छापलेला असतो, तोच लावा. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आमच्या ताईचे 1,800 काही परत आले नाहीत. नोंदणीचा अर्ज आम्ही पुन्हा भरला, या वेळी 100 रुपयांत.