सही करण्याआधी

"भाई, हे मराठीच आहे ना? मग कळत का नाही?" पाथर्डीकडचे अण्णा कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवत म्हणाले. 'मल्टिपल मायलोमा' या रक्ताच्या कर्करोगावरील नव्या औषधाच्या चाचणीचे ते संमतिपत्र होते. ऊसतोडीत झिजलेली कंबर म्हणून वर्षभर सगळ्यांनी तेल चोळले. मणका पिचला तेव्हा निदान झाले. आता नेहमीची औषधे लागू पडेनाशी झाली होती.

हाडांच्या मगजातील प्लाझ्मा पेशी जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे बनवतात. या आजारात त्यांतलीच एक पेशी बेसुमार वाढते. हाडे पोखरली जातात, मूत्रपिंडे थकतात. गंमत अशी, की या बंडखोर पेशींवर आता प्रयोगशाळेत घडवलेली प्रतिपिंडेच सोडली जातात. अमेरिकेत 2015 मध्ये मान्यता मिळालेले डॅराटुमुमॅब आजारी पेशीवरील 'सीडी-38' या खुणेला चिकटते. 2022 मध्ये मान्य झालेल्या टेक्लिस्टामॅबला दोन हात आहेत. एकाने कर्करोगाची पेशी धरायची, दुसऱ्याने शरीरातली लढाऊ टी-पेशी तिच्याजवळ ओढायची. मुंबईच्या ग्लेनमार्क समूहाच्या 'आयएसबी 2001' या सांकेतिक नावाच्या औषधाला तर तीन पकडी आहेत. त्याची पहिल्या टप्प्याची चाचणी ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि भारतात सुरू झाली.

अण्णांची चाचणीही पहिल्याच टप्प्याची होती. त्यांच्या कागदावर लिहिले होते, 'मात्रा-वृद्धी समूहात समावेशन'. कवी असूनही मला ते तीनदा वाचावे लागले. अर्थ साधा होता: आधीच्या रुग्णांना दिला त्याहून जास्त डोस तुम्हाला मिळेल. पहिल्या टप्प्यात मुख्य प्रश्न 'बरे होईल का' हा नसतो, 'किती सोसेल' हा असतो. टी-पेशी चवताळल्या की ताप चढतो, रक्तदाब उतरतो, म्हणून सुरुवातीला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवतात. औषध नेहमीच्या उपचारापेक्षा सरस आहे का, हे बहुधा तिसऱ्या टप्प्यात, शेकडो रुग्णांवर ताडून पाहतात.

अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे पुढच्याला कळणार. अन् मला?"

"फायदा होईलही, नाहीही."

2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि भरपाईही. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. सरकारी नोंदवहीत नोंद 2009 पासून सक्तीची आहे, ती कुणालाही पाहता येते. हे सारे त्या गठ्ठ्यात होते. पण कुठे, ते शोधायला आम्हाला दुपार लागली.

सही त्या दिवशी झाली नाही. कोऱ्या पाठीवर अण्णांनी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मला लिहायला लावले. पहिला होता: "घरी रात्री ताप चढला, तर फोन कुणाला करायचा?"